एन्झाइम ताठ नसते: जीवशास्त्राच्या विषयसमितीस खुले पत्र

प्रति,
अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राची सामायिक सराव परीक्षा घेणाऱ्या विषयसमितीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण काही हायर सेकंडरींनी मिळून घेतलेल्या अकरावीच्या सराव परीक्षेत एक प्रश्न होता: एन्झाइम आपल्या सबस्ट्रेटवर कसे काम करते ते आकृतीसह स्पष्ट करा. तीन गुण. (एन्झाइम म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आणि सबस्ट्रेट म्हणजे ते ज्यावर काम करते तो रेणू.) ज्या मुलांनी कुलूप-किल्लीची, म्हणजे ताठ एन्झाइममध्ये सबस्ट्रेट किल्लीसारखा नेमका बसतो अशी, आकृती काढली त्यांना पूर्ण गुण मिळाले. ज्यांनी सबस्ट्रेट येऊन बसल्यावर एन्झाइम आपला आकार बदलते असे लिहिले आणि आधीची व नंतरची अशा दोन आकृत्या काढल्या, त्यांना एक गुण मिळाला. काहींना तोही नाही. पालकांनी फेरतपासणी मागितली तेव्हा समितीचे लेखी उत्तर आले. त्याचा आशय असा: एन्झाइमची ॲक्टिव्ह साइट, म्हणजे सबस्ट्रेट जिथे बसतो ती जागा, ताठ आणि कायम एकाच आकाराची असते, नमुना उत्तरात तसेच दिले आहे, म्हणून गुण वाढणार नाहीत, पुढच्या वर्षीही हेच नमुना उत्तर वापरले जाईल.

तीन गुणांसाठी मी जाहीर पत्र लिहिले नसते. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिते आहे. एखाद्या वर्षी चुकीचे तपासले गेले, तर नुकसान त्या वर्षापुरते राहते. चुकीचे उत्तर छापून ठेवायचे आणि बरोबर लिहिणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाचे गुण कापत राहायचे, हे मला गप्प बसून पाहवत नाही. समितीला मी आधी साधे पत्र पाठवले होते. त्याची पोचही आली नाही. कोणत्याही हायर सेकंडरीचे किंवा शिक्षकाचे नाव मी इथे घेतलेले नाही, कारण माझे भांडण निर्णयाशी आहे, माणसांशी नाही.

मी कोण, हे सांगणे भाग आहे. गुण कापलेल्या मुलांत माझी भाची आहे. चौथीपर्यंत ती आमच्या फोंडा तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून. मी स्वतः जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. संध्याकाळी वाड्यावरची अकरावी-बारावीची मुले माझ्याकडे अभ्यासाला बसतात. दोन आकृत्यांचे ते उत्तर मीच त्यांना शिकवले आहे. तेव्हा जाब विचारायचाच होता तर तो मला विचारायला हवा होता, मुलांना नव्हे. तो जाब मी आता स्वतःहून देते.

कुलूप-किल्लीची कल्पना एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, १८९४ सालची. यीस्टमधून काढलेले एक एन्झाइम ग्लुकोजपासून बनलेल्या एका संयुगाचे अल्फा रूप फोडत होते आणि बीटा रूपाला हात लावत नव्हते. कडू बदामातल्या इमल्सिनचे नेमके उलटे. दोन्ही रूपांत फरक फक्त अवकाशातल्या मांडणीचा. त्यावरून फिशर यांनी मांडले की एन्झाइम आणि त्याचा सबस्ट्रेट यांचे आकार एकमेकांना जुळावे लागतात. तेव्हा एन्झाइम म्हणजे प्रथिन हेदेखील सिद्ध झालेले नव्हते. अशा काळात केवळ साखरांच्या वागणुकीवरून इतके ओळखणे ही फार मोठी झेप होती, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. फिशर शिकवू नका असे मी म्हणत नाही. फिशर यांच्यापाशी थांबू नका, एवढेच म्हणते.

कारण तिथे विज्ञानही थांबले नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव आपल्याला नवे नाही. आयुष्याच्या अखेरीस ते भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांनी १९३० मध्येच सुचवले होते की किल्ली कुलपात अगदी अचूक बसत नसावी. बसताना तिच्यावर ताण येत असावा आणि त्या ताणातच एन्झाइमच्या कामाचे रहस्य असावे. पुढे लायनस पॉलिंग यांनी १९४० च्या दशकात हा विचार अधिक नेमका केला: एन्झाइमची जागा सबस्ट्रेटच्या नेहमीच्या रूपाला जितकी जुळते त्याहून जास्त ती क्रियेच्या ऐन मध्यावरच्या, ताणलेल्या रूपाला जुळते.

आणि मग १९५८. डॅनियल कॉशलँड यांनी एक साधा प्रश्न विचारला. मोठा रेणू ॲक्टिव्ह साइटमध्ये मावत नाही, म्हणून त्यावर क्रिया होत नाही, हे कुलूप-किल्लीने समजते. पण लहान रेणू तर सहज मावतो. मग त्यावर क्रिया का होत नाही? या प्रश्नाला ताठ कुलपाकडे उत्तर नाही. कॉशलँड यांचे उत्तर असे की योग्य सबस्ट्रेट येऊन टेकल्यावरच एन्झाइमची रचना हलते, आणि ती हलल्यावरच क्रियेला लागणारे भाग आपापल्या जागी येतात. हात घातल्यावर हातमोजा आकार घेतो, हा दाखला त्यांचाच. लहान रेणू आत जातो, पण एन्झाइमला हलवू शकत नाही. यालाच आपण इंड्यूस्ड फिट म्हणतो. ज्या वर्षी ही कल्पना मांडली गेली त्या वर्षी एकाही एन्झाइमची त्रिमितीय रचना कोणी पाहिलेली नव्हती. पहिली दिसली ती १९६५ मध्ये, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइमची. त्यानंतर दोनच वर्षांत कार्बॉक्सिपेप्टिडेज या एन्झाइमचे क्ष-किरण चित्र आले आणि त्यात सबस्ट्रेटसारखा रेणू बसताच टायरोसीन या अमिनो आम्लाची एक बाजूची साखळी तब्बल १२ अँगस्ट्रॉम सरकलेली दिसली (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). अणूंच्या जगात हे अंतर लहान नाही. कार्बन-कार्बन बंधाची लांबी दीड अँगस्ट्रॉम असते.

पण मुलांना मी जे उदाहरण देते ते हेक्झोकायनेजचे, आणि ते का देते हेही सांगते. माझ्या मामांची सत्तरीत काजूची बाग आहे. मोसमात बोंडे गोळा करून तुडवतात, रस मडक्यांत भरून ठेवतात. त्यात कोणी यीस्ट विकत आणून घालत नाही. बोंडांवर आणि भांड्यांवर असते तेच पुरते. दोन-तीन दिवसांत रसाला फेस येतो, मग भट्टी लागते, आधी उर्राक उतरते आणि पुढे फेणी. आमच्या मुलांनी हे लहानपणापासून पाहिलेले आहे, वास ओळखीचा आहे. फेस कशाचा, तर कार्बन डायऑक्साइडचा. तो येण्यापूर्वी रसातली साखर यीस्टच्या पेशीत शिरते आणि तिच्यावर पहिले काम करणारे एन्झाइम हेच, हेक्झोकायनेज. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा एक फॉस्फेट काढून ते ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरच्या ओएच गटाला लावते. तिथून पुढची सगळी साखळी चालू होते.

आता प्रश्न बघा. पाण्याच्या रेणूतही ओएच आहे. पेशीत पाणी ग्लुकोजच्या कितीतरी पट आहे, आणि पाण्याचा रेणू ग्लुकोजपेक्षा कितीतरी लहान आहे. ॲक्टिव्ह साइट जर कायम तयार, ताठ अवस्थेत असती, तर पाणी सतत आत शिरले असते, एटीपीचा फॉस्फेट पाण्यालाच लागला असता आणि यीस्टने आपली सगळी एटीपी फुकट घालवली असती. तसे होत नाही. याचे कारण १९७८ मध्ये बेनेट आणि स्टाइट्झ यांनी यीस्टच्या हेक्झोकायनेजच्या स्फटिकांवरून दाखवले. या एन्झाइमचे दोन मोठे भाग आहेत आणि त्यांच्यामध्ये खोल फट आहे. फटीत ग्लुकोज बसले की एक भाग दुसऱ्याच्या संदर्भात सुमारे १२ अंशांनी वळतो, प्रथिनाचा कणा काही ठिकाणी ८ अँगस्ट्रॉमपर्यंत सरकतो आणि फट मिटते. आतले पाणी बाहेर ढकलले जाते, एटीपीचे टोक ग्लुकोजच्या त्या ओएच गटाजवळ येते. पाण्याच्या एकट्या रेणूत एवढी हालचाल घडवण्याची ताकद नाही, म्हणून त्याच्यावर क्रिया जवळजवळ होतच नाही.

याहून पक्का पुरावा झायलोजचा. झायलोज ही ग्लुकोजसारखीच दिसणारी साखर, फक्त तिला सहावा कार्बन नाही. ती हेक्झोकायनेजच्या फटीत बसते, एन्झाइमला मिटायलाही लावते, पण जिथे फॉस्फेट लागायचा तो गटच तिच्याकडे नसतो. त्या रिकाम्या जागी पाणी मावते आणि एटीपी पाण्याने फुटण्याचा वेग वाढतो. म्हणजे एन्झाइम एकदा मिटले की त्याची यंत्रणा चालू होते, मग समोर पाणी असले तरी. कुलूप-किल्लीच्या आकृतीतून हा प्रयोग कसा समजावून द्यायचा, ते समितीने मला सांगावे. मी मनापासून विचारते आहे. मला तो त्या आकृतीतून समजावता येत नाही.

मुले यावर एक चांगला प्रश्न विचारतात: एवढे मोठे प्रथिन हलते कसे? मी त्यांना जी. एन. रामचंद्रन यांच्याकडे नेते. मद्रासमध्ये १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की प्रथिनाच्या कण्यात प्रत्येक अमिनो आम्लापाशी दोन बंध फिरू शकतात आणि त्यांना कोणते कोन शक्य आहेत, कोणते नाहीत. आज जगभर प्रथिनांच्या रचना तपासताना रामचंद्रन आलेख वापरतात. जी साखळी शेकडो ठिकाणी थोडीथोडी वळू शकते तिला ताठ म्हणायचे कसे? गोव्यातल्या मुलांनी हे वर्गातच ऐकावे, संध्याकाळी माझ्या पडवीत नव्हे.

आणि एक गोष्ट आपल्यासमोर प्रामाणिकपणे ठेवायला हवी. कॉशलँड यांच्यापाशीही गोष्ट संपत नाही. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स या तंत्राने प्रथिनांची हालचाल मोजता येऊ लागली तेव्हा दिसले की कित्येक एन्झाइमे सबस्ट्रेट येण्याआधीपासूनच एका आकारातून दुसऱ्या आकारात जा-ये करत असतात. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या एन्झाइमवर २००६ मध्ये झालेल्या कामात तर क्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर पुढच्या टप्प्याचा आकार थोड्या प्रमाणात आधीच हजर असल्याचे आढळले. मग सबस्ट्रेट नवा आकार घडवतो, की असलेल्यांतला सोयीचा आकार निवडतो? बऱ्याच ठिकाणी दोन्ही होते, आणि कुठे काय किती, यावर अजून काम चालू आहे. अकरावीच्या मुलांना हे सगळे सविस्तर हवेच असे नाही. पण या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: एन्झाइम हलते. "ताठ" हा शब्द आज या विषयात कोणाच्याच बाजूचा नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, नमुना उत्तर नेमलेल्या पुस्तकाच्याच विरुद्ध आहे. एनसीईआरटीचे अकरावीचे जीवशास्त्र उघडून पाहावे. एन्झाइमच्या कार्यचक्राचे तिथे चार टप्पे दिले आहेत. दुसऱ्या टप्प्यात स्पष्ट म्हटले आहे की सबस्ट्रेट जोडला गेल्यामुळे एन्झाइमचा आकार बदलतो आणि ते सबस्ट्रेटभोवती अधिक घट्ट बसते. नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारी मुले याच पुस्तकाची पारायणे करतात. पुस्तकात जे आहे ते लिहिले म्हणून गुण जाणार असतील तर मुलांनी कशावर विश्वास ठेवायचा? माझ्या भाचीने मला हाच प्रश्न विचारला आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी तक्रार मला सगळ्यांत गंभीर वाटते. त्याच प्रश्नपत्रिकेत पुढे ॲलोस्टेरिक इन्हिबिटरवर प्रश्न आहे. ॲक्टिव्ह साइट सोडून एन्झाइमवर दुसऱ्याच ठिकाणी एखादा रेणू बसतो आणि तरीही एन्झाइमचे काम थांबते, ते कसे, असे विचारले आहे. याचे एकच उत्तर आहे: दूर बसलेल्या रेणूमुळे एन्झाइमचा आकार बदलतो आणि तो बदल ॲक्टिव्ह साइटपर्यंत पोचतो. आपल्या स्वतःच्या शरीरातले हेक्झोकायनेज ग्लुकोज-६-फॉस्फेट साचले की असेच आवरते घेते. ज्याचे उत्पादन झाले तेच पुढचे उत्पादन रोखते. म्हणजे एका प्रश्नाला एन्झाइम ताठ आहे असे लिहायचे आणि चार प्रश्नांनंतर ते बदलते असे लिहायचे. जे मूल समजून अभ्यास करते ते इथे अडखळणार, आणि जे दोन्ही उत्तरे वेगवेगळी पाठ करते ते पुढे जाणार. परीक्षेने नेमके उलटे करायला हवे.

तिसरी, फेरतपासणीच्या उत्तरात कारण दिलेले नाही. मुलांच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईत एवढेच आहे की नमुन्याप्रमाणे नाही. काय चुकले, हे कुठेही नाही. सोळा वर्षांच्या मुलीने दोन आकृत्या काढल्या, नावे दिली, हेक्झोकायनेजचे उदाहरण लिहिले. तिला एक ओळ तरी देणे लागत होते.

चौथी प्रात्यक्षिकांची. लाळेतले अमायलेज हे एन्झाइम आणि ते फोडते तो स्टार्च यांचा प्रयोग गेली काही वर्षे आपल्यापैकी बऱ्याच ठिकाणी फळ्यावरून जर्नलमध्ये उतरवला जातो. मला हे मुलांनीच सांगितले, आणि जर्नल पाहिली तर सगळ्यांच्या निरीक्षणातली मिनिटे एकसारखी. या प्रयोगाला महागडे सामान लागत नाही. पातळ केलेली भाताची पेज, टिंक्चर आयोडीन, परीक्षानळ्या, गरम पाणी. पेजेत आयोडीन टाकले की गडद निळा रंग येतो. लाळ मिसळून ठेवलेल्या पेजेत थोड्या वेळाने तो येत नाही. आणि लाळ आधी उकळून घेतली तर पुन्हा येतो. उकळल्याने अमिनो आम्लांची साखळी तुटत नाही, फक्त तिची घडी विस्कटते. घडी गेली की काम गेले. एन्झाइमचा आकार आणि त्याचे काम यांचा संबंध मुलाला स्वतःच्या लाळेवरून कळतो, आणि तोच आपण फळ्यावरून उतरवून घेतो.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगते. मराठी आणि कोंकणी प्राथमिक शाळांतून आलेली मुले इंग्रजी वाक्ये पाठ करून वेळ मारून नेतात. त्यांना वाटले जाणारे नोट्स म्हणजे नमुना उत्तराचीच झेरॉक्स. समजावून सांगणारे एक पानही त्यांच्या भाषेत नाही.

कोणी म्हणेल, अकरावीच्या मुलांना एवढ्या बारकाव्यांचे काय करायचे आहे? माझ्या कामावरून सांगते. आमच्या फोंडा, डिचोली, सत्तरीतली कितीतरी मुले बी.एस्सी., बी.फार्म. करून वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत येतात. तिथे बनणारी अनेक औषधे कुठल्या ना कुठल्या एन्झाइमला अडवण्यासाठीच असतात. इमॅटिनिबचे उदाहरण घ्या. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचे हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाले आणि त्या रोग्यांचे आयुष्यच बदलले. ज्या एबीएल नावाच्या एन्झाइमला ते धरते, ते एन्झाइम काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या अशा वेगवेगळ्या आकारांत असते. इमॅटिनिब त्याला काम न करणाऱ्या आकारात गाठते आणि तिथेच अडकवून ठेवते. काही रोग्यांत पुढे औषध लागू पडेनासे होते, त्यामागे कधी कधी एन्झाइममधला असा एखादा बदल असतो की त्यामुळे तो आकारच त्याला घेता येत नाही. एचआयव्हीच्या प्रोटिएज या एन्झाइमवरही दोन झडपा उघडतात-मिटतात आणि औषध आत बसले की त्या मिटून राहतात. ज्या मुलाच्या डोक्यात एन्झाइम म्हणजे ताठ कुलूप असे पक्के बसले आहे, त्याला यातले काहीच कळणार नाही. तो गोळ्या मोजेल, आकडे भरेल, पण आपण काय बनवतो आहोत ते त्याला ठाऊक नसेल. अशी मुले मी रोज पाहते. हुशार आहेत, मेहनती आहेत. त्यांना कोणी नीट सांगितलेच नाही.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते. त्यातली एकही खर्चाची नाही.

नमुना उत्तरातले "ताठ आणि कायम एकाच आकाराची" हे शब्द काढावेत. कुलूप-किल्ली आणि इंड्यूस्ड फिट या दोन्ही कल्पना साल आणि शास्त्रज्ञांच्या नावासह द्याव्यात, आणि पहिल्या कल्पनेने काय समजते व काय उरते हे दोन ओळींत लिहावे. ज्या मुलाने कोणतीही एक कल्पना नीट मांडली त्याला गुण द्यावेत. ज्याने दोन्हींतला फरक दाखवला त्याला पूर्ण गुण द्यावेत.

या वर्षी ज्यांचे गुण कापले गेले त्या सगळ्यांच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात. फक्त अर्ज केलेल्यांच्या नव्हे. ज्यांच्या घरी अर्ज लिहून देणारे कोणी नाही त्यांचे गुणही तेवढेच खरे आहेत. आणि यापुढे फेरतपासणीच्या प्रत्येक उत्तरात कारणाची एक ओळ असावी.

अमायलेजचा प्रयोग प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करावा. वेळ असेल तर यीस्टचाही: एका बाटलीत यीस्ट आणि ग्लुकोज, दुसरीत यीस्ट आणि साधी साखर, तिसरीत यीस्ट आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, तोंडाला फुगे बांधून. पहिले दोन फुगे फुगतात, तिसरा फुगत नाही, कारण पाव फुगवणाऱ्या यीस्टकडे लॅक्टोज फोडणारे एन्झाइम नसते. यावर मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात.

आपल्या प्रत्येक हायर सेकंडरीत संगणक आणि नेट आहे. प्रथिनांच्या रचनांचा प्रोटीन डेटा बँक हा साठा १९७१ पासून चालू आहे आणि कोणालाही फुकट पाहता येतो. त्यात ४एकेई (4AKE) आणि १एकेई (1AKE) या दोन नोंदी उघडाव्यात. दोन्ही एकाच एन्झाइमच्या, अडेनिलेट कायनेजच्या. पहिली रिकामी, दुसरीत सबस्ट्रेटची जागा भरणारा रेणू बसलेला. शेजारी शेजारी ठेवल्या की वरचा भाग झाकणासारखा खाली आलेला कोणालाही दिसतो. एका तासिकेचे काम आहे. हे मुलांना दाखवल्यावर ताठपणाचा प्रश्नच उरणार नाही, आणि मला वाटते समितीतही उरणार नाही.

मराठीत आणि कोंकणीत दोन पानांचे टिपण काढावे. मराठीचे मी लिहून देते, आपण तपासून घ्यावे. कोंकणीसाठी माझ्या ओळखीच्या शिक्षिका तयार आहेत. त्यावर कोणाचे नाव नको. प्रयोगासाठी बोलावले तर सुटीच्या दिवशी कोणत्याही तालुक्यात यायची माझी तयारी आहे, पेज आणि आयोडीन घेऊन येईन.

मुलांच्या उत्तरपत्रिका अजून आपल्या कपाटात आहेत. त्या रद्दीत जाण्याआधी बाहेर काढाव्यात, पुस्तकातला तो दुसरा टप्पा समोर ठेवून पुन्हा वाचाव्यात, आणि नवे गुण याच महिन्यात सूचना फलकावर लावावेत, ही विनंती.

आपली,
एक पालक आणि अभ्यास घेणारी
फोंडा तालुका, गोवा